माझी हरकत अजून उभी आहे

अण्णा, आज सकाळी ऑफिसात पाय ठेवल्या ठेवल्या संदीपने पुन्हा तेच विचारलं. "ताई, काढली का?" मी म्हटलं, "नाही." तो बिचारा चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवून आपल्या जागेवर जाऊन बसला. तू जाऊन आज पंधरा दिवस झाले आणि एवढ्या दिवसांत माझ्याशी कुणी धड दुसरं काही बोललेलं नाही. एकतर "काढली का?" नाहीतर "काढून टाक ना आता."

आता म्हणजे काय, ते मला कळतं. आता म्हणजे तू गेल्यावर. तू होतास तोवर मी तुला नाही म्हटलेलं सगळ्यांना चालत होतं. चालत कसलं, मजा वाटत होती. अण्णा आणि ताईचं जुंपलं की लोक खुर्च्या फिरवून बसायचे. तेच नाही मी आज धरून बसले, तर मी दगडाच्या काळजाची.

हे तू वाचणार नाहीस, दुसरंच कुणीतरी वाचेल. म्हणून थोडं सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुझ्या मावशीसारखं विचारतील, की अण्णाचा रंधा म्हणजे सुतारकी का? सुतारकी तुझ्या वडिलांची, सायखेड्याला. तुझा रंधा म्हणजे एक प्रोग्राम. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम त्याच्यातून काढला की त्याच्या ओळी नीट मांडून मिळतात. कुठे जागा सोडायची, लांबलेली ओळ कुठे तोडायची, कंस कुठे बंद करायचा, सगळं तो ठरवतो. अर्थाला हात लावत नाही, फक्त मांडणी. द्राक्षांच्या शीतगृहांसाठी प्रोग्राम लिहिणारे आपण सहाजण, गंगापूर रोडला मेडिकलच्या वरच्या दोन खोल्यांत बसतो. आपल्यापुरता म्हणून तू तो केलास आणि मग फुकट वाटून टाकलास. आज कुठले कुठले लोक तो वापरतात, मला नावंही माहीत नाहीत.

आणि तुझा तो नियम. मांडणीतले बदल वर्षातून एकदाच, जानेवारीत. दिवाळीच्या सुमाराला यादी जाहीर करायची, लोकांनी करून बघायचं, कुरकुर करायची, आणि जानेवारीत एकदम सगळं लागू. "रोज फर्निचर हलवलं तर घरातल्या माणसांचे पाय ठेचकाळतात," असं तू म्हणायचास. हा नियम मला पहिल्या दिवसापासून आवडला होता. तुला सांगितलं मात्र नाही कधी.

यंदाच्या यादीत पाच बदल होते. चारांवर माझं काही म्हणणं नव्हतं. पाचवा होता "हात लावू नको" ही खूण बंद करायचा.

ती खूण तू माझ्यासाठी केली होतीस, हे निदान तू तरी विसरायला नको होतं. मला नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. शीतगृहाच्या तापमानांचं एक टेबल मी अर्धा दिवस खपून हाताने लावलं होतं, आकड्याखाली आकडा, चिन्हाखाली चिन्ह. तू वरून रंधा फिरवलास आणि सगळे रकाने चेपून टाकलेस. मी तुझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिले. "अहो अण्णा, तुम्ही माझ्या कामाला हात कसा लावलात?" इथून सुरू झालेलं भांडण "हे बघ, तुला काही कळत नाही" इथवर आलं, तेव्हा तू हसलास. म्हणालास, "आत्ता कशी माणसात आली. तुम्ही-तुम्ही लय ऐकलं." दुसऱ्या दिवशी ती खूण तयार होती. कुठल्याही भागाच्या वर ती लिहिली की रंधा तेवढा भाग सोडून पुढे जायचा. शब्द माझेच घेतले होतेस. मी घरी जाऊन आईला सांगितलं, मला चांगली माणसं मिळाली आहेत म्हणून.

तीच खूण तू काढायला निघालास.

भांडलो आपण, दोन दिवस. संदीपला पाठ झालं असेल ते.

"वैशाली, लोकांनी खूण लय स्वस्त केली. ज्याला बघावं तो फाइलीच्या डोक्यावर 'हात लावू नको' लिहून मोकळा. मग रंधा ठेवायचा कशाला? भंगारात देऊन टाकू."

"लोकांचं मला सांगू नकोस. माझ्या टेबलाचं बोल."

"तुझ्या एका टेबलापायी अख्ख्या गावाला मोकळं सोडायचं का?"

"त्या टेबलाने द्राक्षांची एक अख्खी कोठी वाचवलीय, अण्णा."

वाचवली होतीच. उणे चिन्हांची सरळ रांग होती आणि तिच्यात एका जागी पडलेल्या दातासारखी फट दिसली. उणे एकच्या जागी कुणीतरी नुसता एक लिहिला होता. रकाने चेपलेले असते तर माझ्या बापालाही दिसलं नसतं. तू म्हणालास, ही नजरेची कामं नशिबावर चालतात, त्यासाठी तपासणीचा प्रोग्राम लिहायचा. मी म्हटलं, तो तूच लिहिणार होतास, तीन वर्षं झाली. "लिहितो गं," म्हणालास. चेहरा असा केलास की मला पुढचं बोलताच येईना.

मग मी रीतसर हरकत नोंदवली, म्हणजे ती काढेपर्यंत यादी पुढे सरकत नाही. तुझ्या प्रस्तावाखाली माझी सगळी कारणं लिहिली आणि शेवटी एक ओळ जास्तीची लिहिली. "अण्णा, हे तू विचार करून नाही, हट्टाने करतो आहेस." ती लिहायची गरज नव्हती. राग आला होता, लिहिली.

त्यावर तुझं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी तू आला नाहीस. संदीपला तुझा निरोप होता, पोट दुखतंय, दोन दिवस येत नाही. मी म्हटलं, फुगलाय. फुगू दे. दोनाचे चार झाले, चाराचे आठ. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला, कारण आधी कुणी बोलायचं हा प्रश्न मला फार मोठा वाटत होता. तू दवाखान्यात होतास आणि मी तुझ्यावर रुसून बसले होते. अकराव्या दिवशी संदीप दारात येऊन नुसता उभा राहिला. त्याने काही सांगायच्या आधीच मला कळलं, आणि पहिला विचार आला तो त्या ओळीचा.

अण्णा, ती ओळ तू वाचलीस का रे? वाचली असशील तर कुठे, घरी की तिथे पलंगावर? मला हे कुणाला विचारताही येत नाही.

आता माझी गोची बघ. हरकत ज्याची, त्यानेच काढायची, हा नियम तुझा. तीन वर्षांपूर्वी साहेबांनी गिऱ्हाइकाच्या घाईपायी माझी एक हरकत परस्पर काढून टाकली होती, आणि पुढच्या आठवड्यात तेच काम तोंडावर आपटलं. तेव्हा तू साहेबांसमोर म्हणालास, "इथून पुढं तिची हरकत तीच काढील. तुम्ही नाय, मी नाय, कुणी नाय." आणि खरंच तशी व्यवस्था केलीस. स्वतःकडचा अधिकारसुद्धा काढून टाकलास. माझ्या शब्दाला किंमत यावी म्हणून केलंस, कळत नाही का मला? इतकं माझ्यासाठी भावानेही केलेलं नाही. पण त्याच नियमाने मला आत कोंडलंय. तुझा प्रस्ताव समोर उघडा आहे. त्याखाली लाल अक्षरात माझं नाव आहे. साहेब काढू शकत नाहीत, संदीप काढू शकत नाही. तू मागे घेऊ शकत नाहीस. उत्तर देऊ शकत नाहीस. जानेवारी लागलाय, बाहेरचे लोक विचारतायत, यंदाचे बदल कधी. आणि सगळ्या वाटा येऊन थांबतात माझ्या एका बोटापाशी.

दहाव्याला आम्ही सगळे सायखेड्याला आलो. गोदावरीवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. प्रवचन झालं, पिंड ठेवले, माणसं मागे सरकली. समोरच्या झाडावर कावळे होते. एकही खाली उतरेना.

मग सुरू झालं ते. तुझा भाऊ पुढे झाला, "अण्णा, पोरीचं शिक्षण मी पुरं करतो." कावळे जागेवर. "आईला अंतर देणार नाय." जागेवर. मावशींनी काहीतरी सांगितलं, चुलत्यांनी सांगितलं. थंडीत सगळे हात बांधून वर बघत होते. आणि संदीप माझ्या कानाशी लागला. "ताई, तू म्हण ना. बदल घेते म्हण."

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. पण तुझ्या भावाने ऐकलं होतं. "कोणता बदल?" संदीप सांगत गेला आणि दोन मिनिटांत घाटावरच्या सगळ्या माणसांना कळलं, की अण्णाचं काहीतरी राहिलंय आणि ते या बाईपाशी अडकलंय. एक म्हातारबाबा काठी टेकत आले. "बाई, द्या ना सोडून. गेल्या माणसाशी कसला वाद घालता?"

अण्णा, मी पुढे झाले होते. "घेते" एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. तोंड उघडलं सुद्धा. सगळे माझ्याकडे बघत होते, वहिनी बघत होत्या, तुझी लेक बघत होती. आणि शब्द निघेचना. मला पटलं नव्हतं रे. तुझ्यापुढे, तुझ्या पिंडापुढे उभं राहून खोटं कसं बोलायचं? तुझ्याशी मी कधी खोटं बोललेच नाही. तोंडावर वाईट बोलले, पण खोटं नाही.

मी मागे सरकले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. निघताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "वैशालीताई, यांचं तुमच्याकडं काहीतरी अडकलंय म्हणे." तक्रार नव्हती त्यात, म्हणून जास्त लागलं. येताना गाडीत मी खिडकीबाहेर द्राक्षाच्या बागा बघत आले. वाटत होतं, कुणीतरी मला खाली उतरवून द्यावं.

त्यानंतर चार दिवस मी एकच काम केलंय. स्वतःला पटवायचं. देवाशपथ सांगते, मनापासून प्रयत्न केला. तुझा बदल माझ्या कॉम्प्युटरवर घेतला, सगळ्या कामावरून फिरवून बघितला. तुझ्या बाजूने बोलले, माझ्या बाजूने बोलले, घरी भाजी चिरताना बोलले. नवरा म्हणाला, "कुणाशी चाललंय?" मी म्हटलं, "तू नको मध्ये पडूस."

आणि मग मी एक गोष्ट केली, जी तू असताना करायला हवी होती. ती खूण माझ्या स्वतःच्या कामात कुठे कुठे आहे ते शोधलं. एकोणीस ठिकाणी निघाली. एकेक उघडत गेले. अण्णा, त्यांतल्या सतरा ठिकाणी काही म्हणजे काही कारण नव्हतं. कुठे कंटाळा केला होता, कुठे घाई होती. दोन-तीन ठिकाणी तर मी गबाळं काम केलं होतं आणि तुझ्या नजरेला पडू नये म्हणून वर खूण चिकटवली होती. तुला हे माहीत होतं. नक्की माहीत होतं. त्या दोन दिवसांच्या भांडणात तू एकदा तरी म्हणू शकला असतास, "वैशाली, आधी स्वतःचं बघ." नाही म्हणालास. सगळ्यांदेखत मला उघडं पाडलं नाहीस. अख्ख्या गावाचं नाव घेतलंस आणि माझं झाकलंस. आणि मी तुला हट्टी म्हटलं.

त्या दिवशी ऑफिसातच रडले मी. संदीपला वाटलं, विरघळली. लगेच म्हणाला, "ताई, मग काढायची का?" त्याला असं झापलं की तो खाली मेडिकलमध्ये जाऊन उभा राहिला.

कारण अण्णा, सतरा ठिकाणी तू बरोबर होतास, पण दोन ठिकाणी नव्हतास. आणि तापमानांच्या त्या दोन टेबलांवर लोकांचा माल उभा आहे. तपासणीचा प्रोग्राम तू लिहिला नाहीस. तो आज मी लिहायला घेतला तरी महिना जाईल, आणि तोवर ते रकाने चेपलेले राहतील. तू गेलास म्हणून त्या टेबलातली चूक काही जास्त ठळक दिसणार नाहीये. हे मी कुणाला सांगू? सांगितलं की लोक म्हणतात, अगं पण अण्णाची शेवटची इच्छा. इच्छा कसली? प्रस्ताव होता तो! उत्तर यावं म्हणूनच तर ठेवला होतास.

इथवर सकाळी लिहून ठेवलं होतं. आता संध्याकाळ होत आलीय, पुढचं सांगते.

दुपारी जेवण झाल्यावर मी बसले. तुझे पहिले चार बदल वेगळे काढले. ते जसेच्या तसे, तुझ्याच नावाने आहेत, संदीपने बघून मान्यता दिली, आज लागू झाले. माझ्या सतरा खुणा पुसल्या आणि तिथे रंधा फिरवला. काम छान दिसायला लागलं, हे कबूल करते. मग पाचवा उघडला.

त्याच्याखाली लिहिलं. "अण्णा, मला पटलेलं नाही." आणि मग का, ते सगळं. तुझी बाजू आधी लिहिली, मला येईल तेवढी चांगली, माझ्या सतरा खुणांसकट. मग दोन टेबलं. मग लिहिलं, की खूण राहील, पण फाइलीच्या डोक्यावर लावता येणार नाही, फक्त जेवढ्यास तेवढी, आणि प्रत्येक खुणेपुढे कारण लिहावं लागेल. तपासणीचा प्रोग्राम झाला की हा विषय पुन्हा काढायचा, पुढच्या दिवाळीला. वरची ती हट्टाची ओळ पुसता आली असती. नाही पुसली. खाली लिहिलं, "ही ओळ मी रागात लिहिली होती, ती चूक आहे." आणि तुझा प्रस्ताव नामंजूर म्हणून बंद केला.

 संदीप मागे उभा होता. मला वाटलं, आता हा माझ्याशी कधीच बोलणार नाही, आणि वाटलं, त्याचं तरी काय चुकलं.

पाच मिनिटं झाली असतील. वहिनींचा फोन.

"वैशालीताई, यांच्या फोनवर आत्ता तुमचं नाव आलं."

 प्रस्ताव बंद केला की मांडणाऱ्याला निरोप जातो, हे मी रोज बघते आणि माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुझा फोन चालू असेल असं कुणाला वाटणार?

"बंद नाय केला मी अजून," त्या म्हणाल्या. "रोज चार्जिंगला लावते. लय मोठं लिहिलंय तुम्ही. 'अण्णा, मला पटलेलं नाही.' म्हणजे काय झालं ओ?"

माझ्याकडे गोड बोलायला काही नव्हतं. म्हटलं, "वहिनी, अण्णांचं म्हणणं मी मान्य केलं नाही. भांडले त्यांच्याशी." आणि डोळे मिटून घेतले.

वहिनी म्हणाल्या, "बरं केलं."

"काय?"

"पंधरा दिस झाले, जो येतो तो यांच्याबद्दल गोडच बोलतो. देवमाणूस काय, साधा माणूस काय. ऐकून ऐकून मलाच कळंना, कुणाबद्दल बोलतायत. आज पहिल्यांदा कुणी यांच्याशी बोलल्यासारखं वाटलं बघा." नाक ओढल्याचा आवाज आला. "वाचून दाखवा ना पुढचं. मला ते बारीक अक्षर दिसत नाय."

मग मी वाचलं, अण्णा. सगळं, वहिनींना कळेल असं करून. रंधा काय, खूण काय, तुझं म्हणणं काय. त्या हं हं करत होत्या. माझ्या सतरा खुणांपाशी आले आणि त्या म्हणाल्या, "थांबा. इथं यांचं बरोबर हाय."

"तेच लिहिलंय मी, वहिनी. पण दोन ठिकाणी..."

"दोन ठिकाणी पण नाय. आमच्या घरात हेच झालंय ना. मी म्हटलं, माझ्या देवाच्या कपाटाला हात लावू नका. मग पोरीनं तिच्या टेबलावर चिठ्ठी लावली. मग सासूबाईंनी ट्रंकेला. आता कुणी कशाला हात लावत नाय, अन् झाडायचं म्हटलं की कुठून सुरुवात करावी कळत नाय. एकाला मोकळीक दिली की झालं."

"तसं नाही ते, वहिनी."

"मग कसं? सांगा."

अण्णा, पाऊण तास सांगत होते. त्यांना पटलेलं नाही.